गुरुग्रामला झालेला माझा वध

माझा वध गुरुग्राममधल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, शनिवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी झाला. मारणारा माणूस फार सज्जन होता. त्याने आधी सॉरी म्हटलं.

त्या दिवशी सकाळी मी फरीदाबादला आमच्या घरी बेसनाचे लाडू वळत होते, तेवढ्यात प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा म्हणजे आमची लेक. ती एका ॲनिमेशन स्टुडिओत काम करते. तिथे एका जुन्या वीरकथेवर सिनेमा चालला होता. शूरदत्त नावाचा राजपुत्र भयंकर राक्षसाला मारतो आणि नगर वाचवतो, अशी ती कथा.

"आई, आत्ताच्या आत्ता कॅब करून ये. तुला एक रोल करायचाय. प्लीज यार!"

"मला? कसला रोल?"

"भारी कॅरेक्टर आहे, आई. एकदम भारी!"

आता माझा जन्म नागपूरचा. माझं 'भारी' म्हणजे झकास. लेक वाढली दिल्लीकडे. तिचं 'भारी' हिंदीतलं, म्हणजे वजनदार! हा फरक कळायला मला एक तास आणि एक कॅब लागली. तोपर्यंत मी मनातल्या मनात राजमाता होऊन बसले होते. लग्नातली मोरपंखी साडी नेसले, ठुशी घातली, वळलेले लाडू डब्यात भरून बरोबर घेतले आणि ह्यांना विचारलं, "अहो, राजमाता वाटते का मी?"

हे पेपरातून मान न काढता म्हणाले, "बिल्कुल." (एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली की माणूस फाईल न वाचता सही करायला शिकतो.)

स्टुडिओच्या दारात प्रज्ञाने मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आई, ही साडी काढावी लागेल. काळा सूट घालायचाय. तू राक्षस आहेस."

"कोण आहे?"

"राक्षस! अगं, तो रोल करणाऱ्याचा पाय मुरगळलाय. एक वाजता प्रोड्यूसर ट्रायल बघायला येणार आहेत. सूट अंगाला चिकटून बसायला हवा. आमच्याकडे सगळे काडीसारखे, कोणालाच तो नीट बसेना. म्हणून..."

म्हणून तिला जन्मदात्री आठवली!

तो सूट मी आयुष्यात विसरणार नाही. गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा, घट्ट, आणि अंगभर चिकटवलेल्या बोराएवढ्या रुपेरी गोळ्या. भिंतींवरचे कॅमेरे त्या गोळ्या बघतात, आणि आपण हललो की पडद्यावरचं चित्र तसंच हलतं. सूट मला इतका अचूक बसला, की सगळ्या स्टुडिओने टाळ्या वाजवल्या. मला नववीनंतर प्रथमच कशाततरी पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते, पण आनंद काही झाला नाही.

समोरच्या मोठ्या पडद्यावर चाळीस फुटी राक्षस उभा होता. मी हात हलवला, त्यानेही हलवला. मी साडीच्या निऱ्या सारख्या करायला गेले (सवय!), तर तोही पोटाशी निऱ्या चाचपायला लागला. डायरेक्टर म्हणजे शेंडी बांधलेला एक तरुण, तो ओरडला, "मैम, ये क्या ढूँढ रहा है?"

मग चालायला लावलं. माझा डावा गुडघा दुखतो, त्यामुळे राक्षस बाजाराच्या दोन पिशव्या घेऊन जिना चढल्यासारखा चालू लागला. डायरेक्टर खूश! "क्या वॉक है! दर्द दिख रहा है!" तेवढ्यात गुडघ्यावरची गोळी गळून पडली. मी ती उचलली आणि जागा दिसली तिथे, दंडावर, चिकटवून टाकली. पडद्यावर राक्षसाचा गुडघा काखेतून बाहेर आला! पलीकडे बसलेली एक मुलगी किंचाळली.

खरी पंचाईत पुढेच होती. शूरदत्ताचं काम करणारा विकास हा हरियाणाचा कबड्डीपटू. आडदांड, पण स्वभावाने गाय. माझ्यासारखाच गोळ्यांचा सूट घालून, फोमची तलवार घेऊन माझ्यासमोर आला आणि थांबला.

"सर, आंटीजी को कैसे मारूँ?"

"विकास, ये आंटी नहीं है, राक्षस है!"

"पर है तो प्रज्ञा की मम्मी ना?"

असं म्हणून त्याने तलवार खाली ठेवली आणि मला वाकून नमस्कार केला. माझा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला. त्याचा चेहरा अगदी उतरलेला होता. विचारलं तर म्हणाला, सकाळपासून काही खाल्लं नाही, हीरोला पोट दिसून चालत नाही. आता हे ऐकून कोणती बाई गप्प बसेल? मी टेबलावर ठेवलेला माझा डबा उघडला आणि त्याच्या तोंडात लाडू कोंबला.

नेमक्या त्याच क्षणी दार उघडून प्रोड्यूसर आत आले. पडद्यावर प्राचीन काळचा महान वीर राक्षसाच्या पाया पडून उठत होता आणि राक्षस त्याला प्रेमाने भरवत होता.

प्रोड्यूसरसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं, लाडवाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कहानी बदल दी क्या?"

प्रज्ञा पांढरीफटक पडली. "सर, वो... मेरी मम्मी हैं. इमर्जन्सी थी."

"मम्मी? यहाँ फिल्म बन रही है या किटी पार्टी चल रही है? सोमवार से आने की ज़रूरत नहीं!"

माझ्या लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तीन महिने धड झोपली नव्हती या सिनेमापायी. माझ्या डोक्यात एकदम सणक गेली. अंगात काय घातलंय, गुडघा कुठला दुखतो, सगळं विसरले. बोट रोखून सरळ त्यांच्या अंगावर चालून गेले.

"ओ साहेब! कोणाशी बोलताय? रात्रंदिवस राबते माझी पोरगी! तिला पुन्हा बोलाल तर याद राखा!"

त्यांना मराठी येत नव्हतं. पण माझ्या मागच्या पडद्यावर चाळीस फुटी राक्षस बोट रोखून, दात विचकून धावत येत होता. ते एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत मागे सरकले आणि खुर्चीत धपकन बसले.

"रुकना मत, मैम!" डायरेक्टर आनंदाने ओरडला. "विकास, मार!"

"आंटीजी, सॉरी!" असा लाडवाने भरलेला आवाज आला आणि पाठीत फोमची तलवार बसली. मी गादीवर अशी कोसळले, की खालच्या मजल्यावरचा माणूस वर विचारायला आला.

मग प्रोड्यूसरसाहेब उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. "यही चाहिए था! कसम से, मैं डर गया!" प्रज्ञाची नोकरी राहिली. वर साहेबांनी दोन लाडूही खाल्ले.

सिनेमा लागला, तेव्हा आम्ही तिघांनी तो फरीदाबादलाच पाहिला. माझा वध झाला तेव्हा हे एकटेच हळहळले. माझं नाव शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत आलं, पण आलं. प्रज्ञाने माझा हात घट्ट धरला आणि मी मुसमुसून रडले. नागपूरला सगळ्या नातेवाइकांना मी आधीच कळवून ठेवलं होतं. राक्षस आहे हे मात्र मुद्दाम सांगितलं नव्हतं, नुसतं 'मोठा रोल आहे' एवढंच. म्हटलं, चित्रातल्या राक्षसाच्या आत मी आहे हे कोणाला कळणार?

थिएटरच्या बाहेर पडते तोच माझ्या नणंदेचा फोन आला.

"वहिनी, आल्या आल्या ओळखलं तुम्हाला! आणि एक बरं झालं हो, मेकअप फार केला नव्हता त्यांनी."