अकराशे मीटरची चिठ्ठी

संग्रहालयाच्या तळघरात माशांच्या सहा हजार बरण्या होत्या आणि त्या सांभाळायला बरणीमामा एकटे. प्रत्येक बरणीत स्पिरिट, स्पिरिटात मासा आणि माशासोबत एक चिठ्ठी: कुठे सापडला, किती खोल. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहायची, कारण शाई स्पिरिटात विरघळते. हे मामांनी नव्यानं आलेल्या प्रत्येक साहेबाला सांगितलं होतं आणि प्रत्येक साहेब "अस्सं?" म्हणून जिना चढून गेला होता. दुसरा नियम असा, की चिठ्ठी चुकली तरी फेकायची नाही. दुरुस्तीची चिठ्ठी लिहून तीही आत सोडायची. चौतीस वर्षांत मामांच्या चुकीची दुरुस्ती एकाही बरणीत पडली नव्हती. याचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा? त्या तळघरात गर्व करण्यासारखं दुसरं होतं तरी काय!

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना वरच्या मजल्यावरच्या माशांच्या तज्ज्ञ बाईंनी मागच्या रांगेतली एक बरणी वर नेली. आतला मासा पंजाएवढा, काळाकुट्ट, पोटाखाली उजेडाच्या ठिपक्यांची रांग. बाईंनी पराचे काटे मोजले, दात मोजले, पुस्तकं पालथी घातली. असा मासा कुणीच नोंदवलेला नव्हता. शिवाय चिठ्ठी म्हणत होती, खाडीचं तोंड, बारा मीटर. खोल समुद्रातला दिवेवाला मासा आणि बारा मीटरवर! बाईंची झोपच उडाली. साहेबांनी तर वर्तमानपत्रात कळवायची तयारी केली.

मामांनी ऐकलं आणि ती बरणी कोणती हे त्यांना लगेच कळलं.

त्याचं असं झालं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी दोन बरण्यांचं पिवळं पडलेलं स्पिरिट बदलायला काढलं. दोन्ही मासे ताटात, दोन्ही चिठ्ठ्या टीपकागदावर. तेवढ्यात फोन आला, की बायकोला दवाखान्यात नेलंय, लवकर या. मामांनी घाईघाईत सगळं आत टाकलं, झाकणं लावली आणि धूम ठोकली. दोन दिवसांनी कामावर आले तेव्हा मनात पाल चुकचुकली. बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. म्हणूनच बघितलं नाही. त्या दोन बरण्या मागच्या रांगेत सरकवल्या आणि दरवर्षी त्यांत स्पिरिट ओतताना छताकडे बघत राहिले. माणूस स्वतःपासून काय काय लपवतो, देव जाणे.

आता गप्प बसले असते तर चालून गेलं असतं. मामा तीन दिवस गप्प बसलेही. जेवण जाईना. बायकोनं विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय. चौथ्या दिवशी ते मागच्या रांगेतली दुसरी बरणी घेऊन वर गेले आणि ती बाईंच्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय. माझ्या हातून."

बाईंनी खात्री आहे का म्हणून विचारलं. मामांनी दुसरी बरणी त्यांच्याकडे वळवली. आत चिखलातला साधा बोटभर मासा होता, खाडीवर पोरं गळानं काढतात तसला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, अकराशे मीटर.

"हेही छापणार का?" मामांनी विचारलं.

बाईंनी लिहिलेली चार पानं खोडली. नंतर दोन दिवस त्या मामांशी बोलल्या नाहीत, आणि मामांनाही ते रास्तच वाटलं. मासा मात्र नवा तो नवाच ठरला. फक्त आता तो जिथे असायला हवा तिथेच सापडला होता, त्यामुळे वर्तमानपत्राला काही सांगण्यासारखं उरलं नाही. त्याला ज्या जहाजाच्या जाळ्यात तो सापडला त्या जहाजाचं नाव दिलं. मामांचा उल्लेख लेखाच्या तळटीपेत आला: चिठ्ठीतील चूक संग्रहरक्षकाने स्वतः निदर्शनास आणली. चौतीस वर्षांत त्यांच्याबद्दल छापून आलेली ही एकच ओळ.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी काचेच्या चौकटीतलं मानपत्र दिलं. त्यावर लिहिलं होतं, "एकही चिठ्ठी न चुकवणारे". मामांनी हळूच सांगितलं, की हे बरोबर नाही. साहेब म्हणाले, अहो, छापून झालंय, आता घ्या.

मामांनी घेतलं. घरी येऊन चौकटीमागचे खिळे काढले, काच बाजूला केली, आत बोटभर चिठ्ठी ठेवली आणि खिळे परत ठोकले. बायको म्हणाली, आल्या आल्या तोडफोड सुरू का?

रविवारी मुलगी आली. भिंतीजवळ उभं राहून तिनं मानपत्र वाचलं, मग खालची चिठ्ठी वाचली. "एक चुकली. त्या दिवशी मुलगी झाली." खाली तिच्या वाढदिवसाची तारीख आणि सही.



"पेन्सिलीनं का लिहिलंत, बाबा?"

"टिकते म्हणून," मामा म्हणाले.