आबांना सोसेल एवढा आवाज

विजेच्या कामात मला कुणी शिकवायला येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चाकणच्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे आणि बंद पडलेली लाइन माझ्या हातून सुरू झाली नाही, असं फारसं घडलेलं नाही. त्यामुळे घरच्या स्टुडिओसाठी गिटारचा पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर जुळवायची वेळ आली, तेव्हा मी कुणालाही विचारलं नाही.

स्टुडिओ म्हणजे चिखलीतल्या आमच्या घराची मागची खोली. भिंतींना जुन्या गाद्या लावल्यात, कोपऱ्यात कॉम्प्युटर आहे आणि स्पीकरच्या तोंडाशी माइक. देहू-आळंदीकडचे भक्तिगीतांचे अल्बम करणारे लोक मला गाणं पाठवतात, मी त्यावर गिटार वाजवून परत पाठवते. आई त्याला ‘तुझं टुंगटुंग’ म्हणते, पण पाहुणे आले की तीच मोबाइलवर लावून दाखवते.

आबांची गोष्ट निराळी. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी सगळी नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये काढली. तिथे पत्रा ठोकून दाबणारी मशिनं दिवसभर धाडधाड चालत आणि ह्यांच्या कानात कापसाचे बोळे. मी गिटार शिकायला लागले तोवर त्यांचे कान बरेचसे गेले होते. कानाचं मशीन आणून दिलं, तर ते कपाटात ठेवून मोकळे झाले. ‘पोरीच्या जातीला हे कशाला?’ म्हणून चुलते बोलले तेव्हा, ‘वाजवू द्या तिला,’ एवढ्यावर विषय मिटवणारे आबाच. पण त्या पोरीचं वाजवणं त्यांनी स्वतः कधी धड ऐकलेलं नव्हतं. लोकांच्या वाहवेविना माझं काही अडत नाही. आबांनी ऐकावं, ही मात्र माझी फार इच्छा होती.

कंपनीत आम्हाला एक सवय असते. कुठलीही वस्तू लागते त्याहून मोठी मागवायची. मोटर मोठी, केबल जाड, मोटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर एक नंबर वरचा. मोठं असलं की तापत नाही, जळत नाही, आणि साहेब विचारत नाही. त्याच सवयीने मी एका बँडकडून स्टेजवरचा शंभर वॅटचा, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प उचलला. जोडणीत चूक नव्हती. सोळा ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की आठ ओहम होतात, म्हणून अ‍ॅम्पच्या मागच्या आठ ओहमच्या भोकात वायर घातली. दोन्ही स्पीकर मिळून एकशेवीस वॅट सोसणारे. कागदावर सगळं चोख होतं.

गुरुवारी आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी असते. त्या गुरुवारी सकाळी आबांना खुर्चीवर बसवलं आणि वाजवायला घेतलं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला ताकद लावावी लागल्याशिवाय आवाजात गोडी येत नाही. हळू ठेवला की तो किरटा वाजतो. शिवाय समोर आबा. म्हणून मी आवाज वाढवला. स्वयंपाकघरातले डबे थरथरले, आई ओरडत आली आणि आबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

‘आबा, आवडलं नाही का?’

‘चांगलं हाय की,’ आबा म्हणाले आणि रस्त्याकडे बघत बसले.

पुढच्या गुरुवारी मी आणखी वाढवला. आबा आणखी लवकर उठले. मला राग आला आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. ज्या माणसाने माझ्यासाठी अख्ख्या भावकीशी वाकडं घेतलं, त्याला माझी दोन मिनिटं ऐकवेनात, असंच मी धरून चालले होते.

मग कंपनीत वार्षिक मेडिकल निघालं. कान तपासणाऱ्या बाईंना मी माझा नंबर आल्यावर सहज आबांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मशिनच्या आवाजाने गेलेल्या कानाला हळू आवाज पोचत नाही, आणि जरा मोठा झाला की एकदम खुपतो. मधली जागा अगदी थोडी उरते. चिरका आवाज तर नकोच. तुम्ही मोठ्याने बोलता तेव्हा ते चिडतात का?’

‘वरडू नको, भैरा न्हाई मी!’ हे आबांचं वाक्य आमच्या घरात दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. आबा गिटारला कंटाळून उठत नव्हते, त्यांचे कान दुखत होते. आणि दुखवत मी होते, वर रुसूनही मीच बसले होते.

त्याच आठवड्यात शंभर वॅट मी दुसऱ्या बँडच्या गळ्यात मारले आणि पाच वॅटचा छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आणला. खोलीत पाच वॅट भरपूर होतात आणि माइकला तेवढाच आवाज पुरतो. हा अ‍ॅम्प आठ ओहमच मागणारा, म्हणजे माझे सोळाचे दोन्ही स्पीकर जोडावे लागले असते आणि ते चिरके वाजत; त्यातला एकटा त्याला चालणार नव्हता. पिंपरी कॅम्पातल्या दुकानदाराला सांगितलं, ‘आठ ओहमचा द्या. वॅट जास्त असले तरी चालतील. पण आवाज भरीव पाहिजे आणि वरचा चिरका सूर कमी.’

‘ताई, सोळाचा घ्या ना, कुणाला कळतंय?’

‘अ‍ॅम्पला कळतं, भाऊ,’ मी म्हटलं आणि पिशवीतला मीटर काढला. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेसहाच्या आसपास दाखवतो, हे मला ठाऊक होतं. तेवढं बघूनच मी पैसे काढले.

गुरुवारी आबांना पुन्हा बोलावलं. ‘आता नको,’ म्हणाले, तरी आले आणि दाराजवळच्या खुर्चीत अर्धे बसले. अ‍ॅम्प निम्म्यावर ठेवला, एवढ्या आवाजात आई पलीकडून बोलली तरी ऐकू येत होतं. मी डोळे मिटून वाजवायला लागले, कारण खुर्ची रिकामी झालेली मला पाहायची नव्हती. आवाज छान भरून येत होता. हात मोकळा सुटला आणि दोन मिनिटांचं मी पाच मिनिटं वाजवलं.

डोळे उघडले तेव्हा आबा खुर्चीत नीट मागे टेकून बसले होते. आता वाहवा येणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

‘झ्याक वाजिवलंस,’ आबा म्हणाले. मग माझ्या हाताकडे बोट दाखवलं. ‘पर ती जाडी तार हाय ना, वरनं दुसरी, ती उतरलीया.’

मी सूर तपासायचा ट्यूनर लावून पाहिलं. उतरली होती.