मागच्या सीटची खीळ

जीपची मागची सीट बसवणं म्हणजे काही मोठं शास्त्र नव्हे. सीटचे दोन्ही बाजूंचे लोखंडी दांडे चाकांवरच्या पत्र्याला असलेल्या कड्यांत बसवायचे, प्रत्येक कड्यातून एकेक खीळ आरपार घालायची आणि मग दोन्ही हातांनी सीट धरून गदागदा हलवायची. हलली नाही, तरच बसायचं. मी नर्स होते, मेकॅनिक नव्हे. पण हे काम मला आमच्या ड्रायव्हरपेक्षा चांगलं कळत होतं, कारण त्यापायी माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

आमचा छोटा दवाखाना दवनीवाड्याच्या वाटेवर, जरा आडबाजूला होता. जीप लढाईतली, लिलावात आलेली. हिवतापाच्या फवारणीचे दिवस आले की डीडीटीचे डबे ठेवायला ड्रायव्हर मागची सीट काढून व्हरांड्यात टाकायचा, आणि परत बसवताना खिळींचा पत्ता नसायचा. एकदा त्याने ती दोरीनेच बांधली. "कुछ नहीं होता, बाई," म्हणाला. तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, जीप चढली, सीट मागे उलटली आणि मी रस्त्यावर. सहा आठवडे हात गळ्यात. तेव्हापासून सीट हलवून पाहिल्याशिवाय मी बसत नसे. ड्रायव्हर गावभर सांगे, बाजारात म्हैस पारखावी तशी बाई सीट पारखते. सांगेना का! मोडलं ते हाड माझं होतं.

धानाची कापणी चालली होती तेव्हाची गोष्ट. एक शेतकरी सकाळीच बायकोला बैलबंडीत पेंढ्यावर निजवून घेऊन आला. पहिलटकरीण, रात्रभर कळा देऊन थकलेली. मी तपासलं. मूल आडवं होतं. पोटाला कान लावला, तर ठोके लागत होते. माझ्या हातात काही उरलं नव्हतं. गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आणि लवकर न्यायचं.

ड्रायव्हरने सीट आणून बसवली. मी हलवली. डावी बाजू उचलून हातात आली. तिकडची खीळच नव्हती.

ड्रायव्हर दोरी घेऊन आला. मी नाही म्हटलं. जीपमध्ये खाली निजवावं, तर दोन चाकांच्या मध्ये तिला पाय पसरता येईनात, आणि कळ आली की ती धनुष्यासारखी ताणली जायची. गोंदियाच्या वाटेवरच्या त्या पाळीवरून ती पडली असती, तर दोघंही गेली असती. आम्ही कोठी उपसली, डब्यांखाली पाहिलं, व्हरांडा झाडला. तिचा नवरा माझ्या मागे मागे ओरडत फिरत होता.

"माही बायको मरून राहिली न तुमी सीट हलवून राहिल्या! बांधा ना दोरीनं! कायले थांबून राहिल्या?"

मीही चिडले. "पडली तर तूच मला विचारशील," म्हटलं.

तो मागे वळला. आपल्या बंडीपाशी गेला, चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला असते ती खीळ दगडाने ठोकून काढली आणि आणून कड्यात ठोकली. मी सीट हलवली. हलली नाही. व्हरांड्यातल्या घड्याळात तोवर अर्धा तास गेला होता.

त्याच पाळीवरून जीप गेली. सीट जागची हलली नाही. त्याची बायको माझ्या अंगावर रेलून होती, तो ड्रायव्हरशेजारी बसून मागे बघत होता.

बाई वाचली. मूल गेलेलंच निघालं. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, अशात मूल बहुधा जातंच. बहुधा. निघताना ठोके होते, हे मी त्यांना सांगितलं. तिच्या नवऱ्याला मात्र कधीच सांगितलं नाही.

महिन्याभराने तो चालत आला. मला वाटलं, भांडायला आला. माझी उत्तरं तयार होती, महिनाभर दुसरं केलं काय होतं मी? उलटली असती तर, दोरीचा भरवसा नव्हता, बाई तरी वाचली ना.

"माही खीळ पाहिजे," तो म्हणाला. महिनाभर त्याने खिळीच्या जागी लाकडी खुंटी ठोकून बंडी हाकली होती.

जीप दारातच होती. त्याने आपली खीळ ठोकून काढली. मग फडक्यातून दोन नव्या खिळी काढल्या, लोहाराकडून घडवून आणलेल्या, प्रत्येकीच्या डोक्याला भोक. एक डाव्या कड्यात घातली. दुसरी उजवीकडे, तिथली जुनी झिजली होती म्हणून. दोन्ही सुतळीने कड्यांना बांधल्या, काढल्या तरी हरवू नयेत अशा. मग दोन्ही हातांनी सीट धरून गदागदा हलवली. अगदी माझ्यासारखी.

"आता कोणाले थांबा नाही लागनार," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

आपली खीळ धोतराच्या कमरेला खोचून तो निघून गेला. भांडला असता, तर मला सोपं गेलं असतं.