सहा एकोणतीस

पंचांगाच्या छापखान्यात सगळे त्यांना डोळेकाका म्हणत. छत्तीस वर्षं पंचांगातला एकेक आकडा त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय यंत्रावर चढला नव्हता. पण गेल्या तीन वर्षांत तेच डोळे अधू झाले होते, आणि काकांनी ते बायकोलाही कळू दिलं नव्हतं. काम सुटलं तर आपण कोण, हा विचार त्यांची पाठ सोडत नसे. सकाळचं वर्तमानपत्र लेक मोठ्यांदा वाचायची. "चहा पिताना कानांनाही काम हवं," असं त्यांनी तिला पटवलं होतं.

त्या सकाळीही ती वाचत होती. "आजचा सूर्योदय, सहा एकोणतीस."

काकांनी बशी खाली ठेवली. "किती म्हणालीस?"

"सहा एकोणतीस, बाबा."

पंचांग तपासताना त्यांनी सूर्योदयाच्या तक्त्यात सहा एकवीस वाचलं होतं. नऊचा एक झाला होता! अमावास्या संपली सहा सव्वीसला. म्हणजे सूर्य उगवला तो प्रतिपदेत, आणि ज्या दिवशी प्रतिपदेत सूर्य उगवतो तोच पाडवा. नवं वर्ष आज लागलं होतं आणि पंचांगात त्यांनी ते उद्या लावलं होतं. त्यांच्या भरवशावर घरोघरी गुढीच्या काठ्या धुऊन उद्यासाठी कोपऱ्यात उभ्या होत्या.

बायको कडुनिंबाची पानं निवडत होती. "अहो, तोंड का पडलंय? आज पडलं ते बरं झालं बाई. उद्या पडलं असतं तर वर्षभर तसंच राहिलं असतं."

पाडव्याला जसं वागाल तसं वर्षभर वागाल, हे तिचं ठरलेलं. आणि पाडवा तर आजच होता. काकांनी तिच्या ताटातली दोन पानं उचलून तोंडात टाकली.

"अहो, ते उद्याचं!"

तोवर काकांनी पायांत चपला सरकवल्या होत्या.

वाटेत मन शंभरदा मागे फिरलं. गप्प बसलं तर कोणाच्या बापाला कळणार होतं? पण आज गप्प बसलं तर वर्षभर गप्प बसावं लागणार, आणि पुढच्या पंचांगातही नऊचा एक होणार. ते छापखान्याची पायरी चढले.

मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, चूक कोणाचीही होते. तुमचं काम मी आजवर कधी तपासलंच नाही." मग उठून त्यांनी कपाटातून मागची तीन पंचांगं काढली, पाडव्याची पानं उघडून पुढे ठेवली. "एवढी नजर टाका. ही तरी बरोबर आहेत ना?"

काकांनी पान जवळ आणलं, लांब नेलं. पानभर नुसत्या मुंग्या होत्या. 'बरोबर आहेत' म्हटलं की मालकांनी डोळे झाकून विश्वास ठेवला असता. तोंडातला कडूपणा अजून गेला नव्हता.

"मालक," ते म्हणाले, "मला दिसत नाही."