उस्मानभाईंची खडूची सही

उस्मानभाईंच्या खडूच्या सहीचं कौतुक कृपया बंद करा.

काल ते गेले. सकाळपासून जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर तेच चाललंय. 'काय स्टाइल!' 'लेजंड!'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उस्मानभाई नाना पेठेतले डेंटर. जुन्या गाडीचा गंजलेला पत्रा कापून नवा बसवायचे, सांधा बोटालासुद्धा कळायचा नाही.

कापण्याआधी ते कापायच्या भागाभोवती खडूने रेघ मारायचे आणि मालकाला रेघेच्या आत सही करायला लावायचे. मगच कटर चालू.

तुम्ही सगळ्यांनी हसत सह्या केल्यात. सेल्फी काढलेत.

ती स्टाइल नव्हती. ती माझ्यामुळे सुरू झाली.

वडिलांची गाडी मी त्यांच्याकडे नेली होती. ड्रायव्हरच्या दाराला खाली रुपयाएवढा फोड आला होता. मी म्हणाले, "एवढंच करायचंय." ते म्हणाले, "बघतो, मॅडम."

तासाभराने परत आले, तर दाराची खालची वीतभर पट्टी गायब. आरपार.

"अहो, मी फोड दाखवला होता. तुम्ही दारच कापलंत!"

"मॅडम, वरून फोड दिसतो. आतून पत्रा सगळा खाल्लाय. चांगला पत्रा लागेपर्यंत कापावंच लागतं."

त्यांनी कापलेला तुकडा पुढे केला. मी हातात घेतला नाही.

"काम वाढवायच्या या युक्त्या मला नका शिकवू," मी म्हणाले. चार गिऱ्हाइकं उभी होती. तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलंय, शेवटच्या बाकापर्यंत पोचतो माझा आवाज.

ते एवढंच म्हणाले, "आधी विचारायला पाहिजे होतं. चुकलं."

गाडी तशीच उचलून दुसरीकडे नेली. एसी ऑफिस, कॉफी, गुळगुळीत बोलणं. त्यांनी भोकाला जाळी लावली, लांबी भरली, म्हणजे गाडीची पुट्टी, आणि वर रंग मारला. आरशासारखं दार. मी खूश.

दोन पावसाळे गेले. एक दिवस दार जरा जोरात लावलं आणि लांबीचं ढेकूळ पार्किंगमध्ये पडलं. मागे गंज. पार हँडलपर्यंत चढलेला.

तेव्हाच नाना पेठेत जायला हवं होतं. सदाशिव पेठेतून स्कूटरने दहा मिनिटं.

नाही गेले.

मग एकदा ते स्वारगेटला दिसले, बसची वाट बघत. मी नजर चुकवली. त्यांनी हाक मारली.

"मॅडम, गाडी कशी आहे?"

गाडी कव्हरखाली उभी होती, अर्धं दार नसलेली.

"उत्तम."

"दाराला परत फोड नाही आला?"

"अजिबात नाही."

त्यांनी आपला हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे तेव्हा माझ्याकडूनच जास्त कापलं गेलं. चाळीस वर्षांत हात चुकला नव्हता. आता आधी सही घेतो. तुमच्या गाडीपासून."

बस आली. ते चढले. मी बघत उभी राहिले.

तुम्ही सेल्फी काढत होतात, तेव्हा तो माणूस स्वतःच्या हाताला घाबरत होता.

खरं सांगायला मला त्यानंतर चार वर्षं मिळाली. फोन नंबरही होता. ग्रुपवर लेजंड लिहिणाऱ्यांवर चिडायचा मला काय हक्क? तरी चिडतेय.

आज त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांच्या पत्नीला सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं.

"मॅडम, आता मला सांगून काय होणार? ते रात्री जेवताना विचारायचे, 'कुठे चुकलो असेन गं मी?' तेव्हा यायचं होतं."



उस्मानभाई, तुमचा हात चुकला नव्हता. जेवढं कापलंत तेवढंच कापायला हवं होतं.

खोटं मी बोलले.

अखेरचा नमस्कार.