चाळीस वर्षांचा उशीर

नोएडातल्या एका शाळेच्या फाटकात सव्वीस वर्षं रोज सकाळी एक बाई गळ्यात शिट्टी अडकवून उभी असते. सरला मॅडम, पीटीच्या. आवाज असा, की पलीकडच्या सेक्टरातली मुलंही ताठ उभी राहावीत. पण उशिरा आलेल्या मुलाला त्यांनी न विचारता कधी परत पाठवलं नाही. आधी "लेट क्यों हुआ?" आणि मग उत्तर संपेपर्यंत ऐकायचं. बाकीच्या शिक्षकांना हा शुद्ध वेडेपणा वाटायचा.

हीच सरला स्वतःच्या एका गोष्टीबद्दल मात्र चाळीस वर्षं मिठाची गुळणी धरून बसली होती. ती दिल्लीच्या करोल बागेत वाढली. अकरा वर्षांची होती तेव्हा तिथल्या मराठी मंडळाची बालनाट्यं तात्याराव बसवत. तालमी त्यांच्याच घरी. शनिवारी बाकीची मुलं गेली की ते हिला "जरा थांब" म्हणायचे, दार लावायचे आणि तिच्या अंगाशी नको ते करायचे. तिनं आईला सांगितलं. आई, कुसुमावती, पोळ्या लाटत होती. "विसरून जा, कुणाला बोलू नकोस," एवढंच म्हणाली. सरलानं नाटक सोडलं. तात्याराव मोठे होत गेले.

गेल्या वर्षी त्यांना ऐंशी पूर्ण झाली आणि मंडळानं त्यांचं सहस्रचंद्रदर्शन थाटात केलं. सरला गेली नाही, पण ग्रुपवर व्हिडिओ आलाच. शाल-श्रीफळ मिळालेला माणूस माईक सोडतो थोडाच! चाळीस मिनिटं बोलले. पंच्याऐंशी सालच्या तालमी, कुणाचं कोणतं वाक्य अडायचं, खोलीच्या भिंतीचा रंगसुद्धा. "आणि ती सरला! शनिवारी सगळे गेले की तिला एकटीला थांबवून घ्यायचो मी, खास तयारीसाठी." टाळ्या पडल्या. सरलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि अक्षता नावाच्या तरुण वकिलीणबाईंना गाठलं.

"मावशी, खरं सांगू?" अक्षता म्हणाली. "त्या वेळच्या कायद्यात या गुन्ह्याला तीन वर्षांची मुदत होती. ती केव्हाच संपली. पण उशिराचं कारण कोर्टाला पटलं, तर कोर्ट मुदत वाढवून देऊ शकतं. नाही पटलं, तर आपली केस दारातूनच परत."

"मग कारण सांगू या," सरला म्हणाली.

सुनावणीला तात्यारावांच्या वकिलांनी हात जोडले. "जज साहिबा, मेरे मुवक्किल अस्सी पार कर चुके हैं. चालीस साल पुरानी बात उन्हें बिल्कुल याद नहीं. अपना बचाव कैसे करेंगे?"

मुद्दा बिनतोड होता. मुदत घालतात ती याचसाठी.

अक्षतानं लॅपटॉप उघडला आणि सत्काराचा तो व्हिडिओ लावला, खाली हिंदी भाषांतरासकट. त्या दिवशी ज्या भाषणाला टाळ्या पडल्या, तेच भाषण तात्याराव आता मान खाली घालून ऐकत होते.

"इन्हें तो दीवार का रंग भी याद है," जज साहिबा म्हणाल्या आणि सरलाकडे वळल्या. "आप इतनी देर से क्यों आईं?"

"मैडम, चालीस साल में आज पहली बार किसी ने पूछा है." आणि मग तिनं सांगितलं, पहिल्यापासून, फाटकातल्या आवाजात. जज साहिबांनी उत्तर संपेपर्यंत ऐकलं.

पंधरा दिवसांनी आदेश आला. उशीर माफ, खटला चालणार. शिक्षा अजून दूर होती, साक्षी-पुरावे सगळं व्हायचं होतं. पण दार उघडलं होतं! कोर्टाच्या आवारात सरलानं पर्समधून शिट्टी काढली आणि अशी सणसणीत फुंकली, की दोन शिपाई धावत आले. बाई हसत होती आणि रडतही होती.

मग तिनं आईला फोन लावला. अठ्ठ्याहत्तरीच्या कुसुमावतीनं सगळं ऐकून घेतलं.

"पुढची तारीख कधी?" तिनं शेवटी विचारलं.

"तेवीसला. का गं?"

"मलाही घेऊन चल. तू मला सांगितलंस त्या शनिवारी घरी आलीस, तेव्हा तुझ्या फ्रॉकची दोन बटणं तुटली होती. मीच लावली ती. विसर म्हणाले तुला, सरला, पण मी नाही विसरले. मी सांगते कोर्टाला."