टाचेतला वायसर

माणसाला मान मिळतो तो विद्येमुळे. हे वाक्य मी कॉलेजात सोळा वर्षे निरनिराळ्या निमित्तांनी उच्चारले आणि दर वेळी मला आमच्या न्हाणीतला नळ आठवला.

सत्तरच्या दशकात आम्ही लकडगंजला, लाकडाच्या वखारींमागे राहत होतो. नळाला पाणी सकाळी दीड तास येई. तो गळायला लागला की दुरुस्तीला प्लंबर झालेला माझाच शाळासोबती यायचा. मॅट्रिकला तो दोनदा बसला आणि दोन्ही वेळा गणिताने त्याला खाली ओढले. ते गणित त्याला शिकवले होते माझ्या वडिलांनी. मी एम.ए. पहिल्या वर्गात झालो तेव्हा वडील म्हणाले, "ठीक." आणि याने नळाची धार थांबवली की म्हणत, "वा!"

निवृत्तीनंतर वडील खुर्चीतून कोणासाठी उठत नसत. आमचे प्राचार्य घरी आले, त्यांनाही बसूनच नमस्कार झाला. प्लंबर आला की मात्र ते उठत, न्हाणीच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसत आणि त्याच्यासाठी बॅटरी धरत. मग त्याला फुलांच्या कपात, बशीसकट, चहा. त्या कपात मला एकदाच चहा मिळाला होता, तोही सोबत सासरे होते म्हणून. मला प्लंबर व्हायचे नव्हते. वडिलांनी माझ्यासाठी एकदा उठावे, एवढेच हवे होते.

कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा बाजार पालथा घालणारे वडील त्याचे पाच रुपये निमूट देत. एकदा मला राहवले नाही.

"पाच? वायसर तं चार आण्याचा आहे."

"मंग तूच बसव ना गा, प्रोफेसर," तो पाना पिशवीत टाकत म्हणाला. "मी धरतो बॅटरी."

वडील खो खो हसले. माझ्या विनोदावर ते हसल्याचे मला आठवत नाही.

पुढच्या खेपेला नळ गळू लागला तेव्हा मी त्याला बोलावलेच नाही. संध्याकाळी वडील फिरायला गेल्यावर शेजाऱ्यांचा पाना आणला. नळाला त्या वेळी पाणी नसते, त्यामुळे माझ्यासारख्यालाही धोका नव्हता. घरात नवा वायसर नव्हता. लकडगंजात दुकानांना तोटा नव्हता, पण दुकानात गेलो असतो तर त्याच्या कानावर गेले असते. म्हणून पायातल्या रबरी चपलेच्या टाचेतून एक गोल कापला. गोल असे मी त्याला म्हणत होतो.

सकाळी पाणी आले. एक थेंब गळला नाही.

"येऊन गेला वाटते तो," वडील नळाकडे पाहत म्हणाले. "काम पाहा. याले म्हणतात हात."

माझ्या कामाची वडिलांनी केलेली ती पहिली स्तुती. खुलासा केला तर ती परत घेतली जाईल असे वाटले. मी म्हणालो, "हो."

आठव्या दिवशी नळ पुन्हा गळू लागला.

"आता तोही फसवाफसवी करून राहिला," वडील म्हणाले. खरे सांगायचे तर ऐकून मला बरे वाटले. पण वडील तडक जाऊन त्यालाच घेऊन आले आणि प्रथमच त्याच्यासमोर खुर्चीत बसून राहिले.

"काहून गा? मागच्या आठवड्यातलं काम आठ दिवसही टिकलं नाही?"

मागच्या आठवड्यात तो आमच्या गल्लीतही फिरकला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिले. मी कॅलेंडरकडे पाहिले. मग त्याने नळ उघडला आणि आतून एक निळा, तीन बाजूंनी गोल तुकडा काढला. तो तळहातावर घेऊन दाराशी काढलेल्या माझ्या चपलांकडे त्याची नजर गेली. तिथे बराच वेळ राहिली.

"चुकलं सर माझं," तो म्हणाला. "घाईत भलताच वायसर बसवला. आजचे पैसे नाही घेत."

वडील खुर्चीतून उठले.

"पाहा," ते मला म्हणाले, "चूक कबूल करायले मन केवढं लागते." आणि आत वळून त्यांनी फुलांच्या कपात चहा सांगितला.

तो निघाला तेव्हा फाटकाशी गाठून मी पाचाची नोट पुढे केली.

"ठेव ना गा," तो स्कूटरला किक मारत म्हणाला. "चप्पल घे."

साडेसहा रुपयांना मिळाली.